सात दिवसांचं कर्ज आणि भिशीचा डबा

माझ्या मामेसासऱ्यांना मी एकदा फोनवर अशा शिव्या दिल्या, की त्यातल्या दोन माझ्या मलाच नवीन होत्या.

मी उंब्रजला हायवेच्या कडेला वजनकाट्यावर कामाला आहे. ऊस, सोयाबीन, वाळू, भंगार, जे चाकावर येतं ते मी तोलतो आणि पावती फाडतो. त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला काट्यावर सोयाबीनचा टेम्पो उभा होता, ड्रायव्हर खिडकीशी पावतीची वाट बघत होता, आणि माझा फोन वाजला. अनोळखी नंबर. त्या आठवड्यात अनोळखी नंबरावरून मला एकाच जातीची माणसं फोन करत होती. मी हॅलोसुद्धा म्हटलं नाही.

"कुणाच्या जिवावर उडतोस रं भाड्या? हिंमत असंल तर उंब्रजला ये. काट्यावरच उभा करतो तुला. भरलेला किती आन रिकामा किती, पावतीच फाडतो तुझी!" आणि पुढं आणखी बरंच. ते इथं लिहीत नाही, मुलगी वाचेल.

पलीकडं शांतता. मला वाटलं, जिरली. मग एक म्हातारा, खणखणीत आवाज आला.

"जावईबापू, मी तासगावचा मामा बोलतोय. नवीन कार्ड घेतलंय. नंबर लिहून घ्या म्हणून फोन केलता." थोडं थांबून, "घेतला का लिहून?"

"घेतला," मी म्हणालो.

"ठीक. ओव्हर अँड आउट." मामा फौजेत सिग्नलला होते. फोन अजून तसाच ठेवतात.

टेम्पोवाला म्हणाला, "कोण हुतं वो?"

"सासरे."

"मग बरोबर हाय," म्हणून त्यानं पावती घेतली आणि गेला.

हे मामा म्हणजे बायकोचे नुसते मामा नव्हेत. तिचे वडील ती पाच वर्षांची असताना गेले. तिला तासगावला नेऊन वाढवली मामा-मामीनं, शिकवली त्यांनी आणि माझ्यासारख्याला दिलीही त्यांनीच. शेवटची गोष्ट सोडली तर त्यांच्या हातून आयुष्यात काही चूक झालेली मला माहीत नाही. आणि शिव्या खाल्ल्या त्यांनी. ज्या भानगडीपायी खाल्ल्या, ती सुरू झाली होती त्यांच्याच घरच्या एका साडीपासून.

आमच्याकडं लग्नकार्यात साड्या फिरतात. आहेरात आलेली साडी घडी न मोडता कपाटात जाते आणि पुढच्या कार्याला दुसऱ्याच्या घरी जाते. यात फसवाफसवी नाही, सगळ्यांना सगळं माहीत असतं. पथ्य एकच, जिनं दिली तिच्याच हातात ती परत पडता कामा नये. आणि दोन वर्षांमागं मामांच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला आम्ही मामींना जी मोरपंखी साडी नेली, ती मामींनीच आम्हाला दिलेली होती. मला कळलं तेव्हा साडी पाटावर ठेवून झाली होती. पिशवीवर तासगावच्याच दुकानाचं नाव. मामींनी पिशवीत बघितलं आणि पदर तोंडाला लावून हसल्या. बायको खाली मान घालून बसली होती. मला वाटलं, बिचारी लाजेनं मेली. त्या दिवशी परतीच्या एसटीत मी मनाशी ठरवलं की पुढच्या वेळी मामीला नवी साडी, दुकानातून, माझ्या पैशानं.

पुढची वेळ यंदा आली. मामांच्या नातवाचं लग्न. आणि माझे पैसे मालकाकडं.

आमच्या पगाराची तारीख सात. पण मालकाची सात कधी पंधराला उगवते, कधी बावीसला. विचारायला गेलं की म्हणतो, "पगार काय पळून जातोय व्हय रं?" अठरा वर्षं मी हे वाक्य ऐकतोय आणि अठरा वर्षं हसतोय. पगार पळून जात नाही, बरोबर आहे. पण लग्नाची तारीख थांबत नाही, गॅस थांबत नाही, आणि त्या माणसाचा स्वतःचा डिझेलचा धंदा एक दिवस उधारीवर चालत नाही. माझ्या घामाचे पैसे तो पंधरा दिवस फुकट वापरतो, आणि वर मीच हसायचं!

बरं, पैसे घरातही होते. बायको आमच्या गल्लीतली भिशी चालवते. अठरा बायका दर महिन्याच्या दहा तारखेला पैसे आणून देतात, ते तिच्या स्टीलच्या डब्यात राहतात, लागेल तिला त्यातून थोड्या व्याजानं मिळतात आणि दिवाळीला भिशी फुटते, ज्याचं त्याला वाटून जातं. अकरा वर्षं चाललंय. कागद नाही, सही नाही, एक वही आणि तिचा शब्द. मी तिला म्हटलं असतं, चार हजार दे भिशीतून, तर दिले असते. पण मग साडी कशाला, हे सांगावं लागलं असतं. आणि मला तिला चकित करायचं होतं. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला ही हौस.

फोनवर जाहिरात यायची. पाच मिनिटांत पैसे, कागद नको, जामीन नको, पगार झाला की फेडा. हसणारी मुलगी, गळ्यात ओळखपत्र. मी ते ॲप घेतलं. त्यानं आधार मागितलं, दिलं. माझा फोटो काढला. मग विचारायला लागलं, तुमच्या फोनमधले नंबर बघू का? होय. फोटो बघू का? होय. तुम्ही कुठं आहात ते बघू का? होय. काट्यावरचा आमचा कॉम्प्युटर दर गाडीला पाच-सहा वेळा काहीतरी विचारतो, वजन धरू का, जतन करू का, छापू का, आणि दर वेळी मी होय दाबतो. अठरा वर्षांत नाही दाबायची वेळ दोनदा आली असेल. अंगठ्याला सवय ती. घराची किल्ली मी अनोळखी माणसाला दिली नसती. इथं मी गल्लीतल्या सगळ्या घरांच्या किल्ल्या दिल्या आणि वर होय म्हटलं.

कर्ज सहा हजारांचं. हातात आले तीन हजार सातशे. बाकीचे म्हणे आधीच कापून घेतले, सेवेबद्दल. कसली सेवा ते आजतागायत कळलं नाही. सात दिवसांनी परत द्यायचे मात्र सहा हजार. माझ्या काट्यावर कुणी ट्रक चढवायच्या आधीच त्यातली पोती उतरवून घेतली असती आणि पावती मात्र भरल्या ट्रकाची मागितली असती, तर मी त्याला हायवेपर्यंत पळवत नेला असता. ड्रायव्हर केबिनमध्ये बसून राहिला तरी मी त्याला खाली उतरवतो, साठ-सत्तर किलोचा फरक पडतो म्हणून. आणि स्वतःच्या बाबतीत? मी साडी घेतली. डाळिंबी रंगाची.

लग्न झालं. मामी साडी बघून म्हणाल्या, "कशाला एवढं?" मला ते दोन शब्द दोन दिवस पुरले.

सातव्या दिवशी पगार झाला नव्हता. ॲपनंच सुचवलं, दुसऱ्या ॲपवरून घ्या आणि आमचं भरा. घेतलं. त्याचं भरायला तिसरं. पगार झाला तो त्यात गेला. महिन्याभरात हातात आले होते त्याहून जास्त मी भरून बसलो होतो आणि तरी माझ्या नावावर चोवीस हजार उभे होते. घरी सांगितलं, मालकानं पगार अजून दिला नाही. मालकाच्या लौकिकामुळं ते लगेच पटलं.

मग फोन सुरू झाले. पहिल्या दिवशी "सर". दुसऱ्या दिवशी "तुम". तिसऱ्या दिवशी हिंदीतून माझ्या आईचा उद्धार, जी जाऊन नऊ वर्षं झाली. दिवसाला तीस-चाळीस फोन. एकदा एक पोरगी, आवाजावरून माझ्या मुलीच्याच वयाची, मला म्हणाली, "भीक माँग के ला." मी काट्यावरच्या खुर्चीत बसलो होतो. समोर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग. मी तिला म्हणालो, "बाई, पगार झाला की देतो." बाई म्हणालो मी तिला! त्याचा राग मला त्या पोरीच्या शिवीपेक्षा जास्त आला, आणि तो चार दिवस साठवून मी मामांवर ओतला.

मामांनी फोन ठेवला तो लगेच बायकोला लावला असणार. दुपारी दोन वाजता ती काट्यावर आली. एरवी ती इकडं फिरकत नाही. सरळ काट्याच्या पत्र्यावरच येऊन उभी राहिली. आत माझ्या स्क्रीनवर साठ किलो उमटले. हा काटा दहाच्या पटीतच बोलतो. मी तिला ते सांगितलं नाही, तेवढी अक्कल शिल्लक होती.

"मामाला काय बोललासा?"

"चुकून झालं गं. मला वाटलं दुसराच हाय."

"दुसरा कोण?"

मी सांगितलं. म्हणजे एक ॲप सांगितलं. तीन होती. साडीचं नावच काढलं नाही, म्हटलं, गाडीच्या टायरला घेतलं होतं. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं. "संध्याकाळी बोलू," म्हणाली आणि गेली. स्क्रीनवर शून्य आलं.

संध्याकाळी मी तेच परत सांगितलं. खोटं बोलण्यातही माणसात सातत्य पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला साताऱ्याहून मुलीचा फोन. ती तिथं होस्टेलवर राहून शिकते. "पप्पा, तुमचा फोटो आलाय मला." मग म्हणाली, "मैत्रिणींना पण आलाय. तुमच्या फोनात त्यांचे नंबर होते ना, मी आजारी पडले तेव्हाचे."

ॲपनं काढलेला माझा तो फोटो, खाली आधार कार्ड, वर लाल अक्षरांत चोर. खाली लिहिलेलं, या माणसानं तुमचा नंबर जामीन म्हणून दिला आहे, त्यानं भरलं नाही तर वसुली तुमच्याकडून होईल. फोनमधल्या प्रत्येक नंबराला. मालकाला. गॅसवाल्याला. तासगावच्या मामांना. आणि भिशीच्या अठराही बायकांना.

त्यांचे नंबर माझ्याकडं कसे, तर बायकोच्या फोनवर टाईप करायला तिला कंटाळा. नऊ तारखेला "उद्या भिशी, चार वाजता" हा निरोप अकरा वर्षं मीच पाठवतो. ती तारीखही नऊच होती.

मला त्या लोकांचा जो संताप आला तो सांगता येत नाही. पैशांचं काय, पैसे मी घेतले होते, मूर्ख मी होतो. पण त्यांनी मला धरलं नाही. त्यांनी माझ्या बायकोचा शब्द धरला आणि पिळला. कुठल्यातरी शहरात बसून, उंब्रज कुठं आहे हे माहीत नसताना, त्यांना नेमकं कळलं होतं की या माणसाकडं पैसे नाहीत, पण याच्या बायकोकडं लाज आहे, ती विकता येते. हे तारण त्यांनी माझ्याकडून एका होयमध्ये घेतलं होतं.

बायकोनं फोटो बघितला. रडली नाही. विचारलं, "आनखी किती?"

"सगळी मिळून तीन. टायर न्हाई. मामीची साडी."

तिचं तोंड उघडलं आणि मिटलं. ती काहीतरी बोलणार होती, पण तेवढ्यात दारात मामा उभे. पहाटेच्या एसटीनं तासगावहून कराड, कराडहून उंब्रज, हातात बेदाण्याची पिशवी. वय पंच्याहत्तर, पाठ अशी की भिंतीला लाज वाटावी. मी पाया पडायला वाकलो.

"उठा. कालचं ते सोडा. आमच्या हवालदारापेक्षा बऱ्या होत्या शिव्या." पिशवी भाचीच्या हातात दिली. "आता रिपोर्ट द्या. सगळा. काय लपवायचं न्हाई."

दिला. मामांनी मान हलवत ऐकला आणि मला पोलीस ठाण्यात घेऊन गेले. तिथला हवालदार कंटाळलेला होता, पण माणूस बरा. "काका, आज सकाळपासनं तुमी तिसरे," म्हणाला. "आता एक रुपाया भरू नका. भरलं की वाढतं. ते ॲप काढून टाका, आलेल्या फोनची नोंद ठेवा. तक्रार मी घेतो."

"ते सापडतील का?" मी विचारलं.

त्यानं माझ्याकडं बघितलं आणि पेनाचं टोपण लावलं. तेच उत्तर.

परत येताना मी मामांना म्हणालो, नंबरच बदलून टाकतो. घरी बायकोनं ते ऐकलं. "नंबर बदलायचा न्हाई," म्हणाली. "चोरी आपण केली न्हाई. त्यांनी फोन करायचा आन आपण लपायचं व्हय?" माझा फोन तिनं काढून घेतला तो चार दिवस तिच्याकडंच होता. फोन आला की उचलायची, काही न बोलता ऐकायची, ठेवायची, आणि भिशीच्या वहीच्या मागच्या पानांवर वेळ आणि नंबर लिहायची. मेथी निवडता निवडता. शिवी आली की मेथीचं देठ जरा जोरात मोडलं जायचं, एवढंच.

दुसऱ्या दिवशीच दहा तारीख होती. त्या महिन्यात निरोप कुणी पाठवला नव्हता, तरी पावणेचारलाच अठराजणी हजर. एरवी चार म्हटलं की साडेचारला गोळा होतात. मामांना आतल्या खोलीत बसवलं होतं. मी स्वयंपाकघरात चहा ठेवत होतो, कारण दुसरीकडं उभं राहायला जागा नव्हती आणि तोंडही.

सुरुवात किराणा दुकानवालीनं केली. "वैनी, आमास्नी जामीन ठिवलं व्हय तुमच्या नवऱ्यानं? आमच्यातनं वसूल करणार म्हणत्यात."

"सही केल्याबिगर कुणी जामीन हुत न्हाई," बायको म्हणाली. "पोलिसांनी सांगितलंय. तुमचा काय संबंध न्हाई."

"व्हय, पण नंबर कुणी दिला?"

मी चहाचं भांडं उतरवलं आणि बाहेर आलो. अठरा बायका चटईवर, मी मधे उभा. काट्यावर चढलेल्या गाडीला कसं वाटत असेल ते मला त्या दिवशी कळलं. मी सगळं सांगितलं. ॲप, होय, होय, होय, हातात आलेलं किती आणि मागितलेलं किती. साडी पण सांगितली. "हिला म्हाईत नव्हतं," म्हणालो. "सगळं माझं हाय."

एक-दोघी हसल्या. मग आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारी शेजारीण बोलली. बायकोची वीस वर्षांची मैत्रीण. दही लागलं की वाटी घेऊन येणारी, मागच्या दारानं. ती माझ्याकडं बघत नव्हती, बायकोकडं बघत होती.

"तुझं ठीक हाय गं. पर डबा तुझ्याच घरात हाय न्हवं? आज यानं ॲपाचं घेतलं. उद्या डब्यात हात घातला तर? आमी निवांत कसं ऱ्हायचं?"

ते सगळ्यांच्या मनात होतं, ती फक्त बोलली. तरी मला वाटलं की जाऊन तिच्या तोंडावर दार लावावं. आणि त्याच वेळी हेही कळत होतं की तिच्या जागी मी असतो तर हेच विचारलं असतं. राग आला की माणूस चुकीचा असावा असं वाटतं. ती चुकीची नव्हती, म्हणून राग जास्त.

बायको उठली. फळीवरचा स्टीलचा डबा काढला, वही काढली आणि दोन्ही चटईवर मधोमध ठेवलं. झाकण उघडलं.

"मोजा."

"आगं तसं न्हवं..." कुणीतरी म्हणालं.

"मोजा. वहीत हाय तेवढं हाय का बघा. आन मोजून झालं की ठरवा, डबा कुणाच्या घरात ठेवायचा. मी आज घेऊन जा म्हणते."

किराणावालीनं मोजले. दोनदा. रुपयाचा फरक नव्हता. बायको तेवढा वेळ भिंतीला टेकून उभी होती, हात पदरात. अकरा वर्षांत तिच्यासमोर कुणी पैसे मोजून घेतले नव्हते. मला वाटलं होतं त्या फोनवरच्या पोरीनं माझी काढली ती बेइज्जती. ती काहीच नव्हती.

मग गल्लीच्या टोकाची म्हातारी बोलली. माणदेशातून आलेली, सगळा जन्म मेंढरांमागं काढलेली, आता गुडघ्यांनी बसवलेली. "माझ्या रानात लांडगा आलता एकदा," ती म्हणाली. "दोन कोकरं न्हेली. आमचं कुतरं झोपलं हुतं. म्हणून काय माझ्या सासऱ्यानं मला हाकललं न्हाई. कुतऱ्याला तेवढं दोन दिस उपाशी ठेवलं." आणि माझ्याकडं बोट केलं. "याला च्या देऊ नगा. डबा हाय तिथं ऱ्हाऊ द्या."

बायका हसल्या. आतून मामाही हसले, ऐकू आलं. चहा मीच केलेला होता, गाळून सगळ्यांना दिला, मला मिळाला नाही. म्हातारी बशीतून पिता पिता म्हणाली, "आरं, आन पैसं लागलं तर हितं मागायचं की. त्या मोबाईलला कशाला सांगायचं? त्यो काय तुझा भाव लागतो?"

मी रिकाम्या कपबश्या गोळा करायला लागलो.

डबा राहिला. पण शेजारणीनं तिचा हिस्सा मागून घेतला. तिच्याबरोबर तिच्या जावेनंही. बायकोनं दोघींचे पैसे व्याजासकट वहीत बघून हातात दिले, दोघींची नावं एक रेघ मारून खोडली. शेजारीण जाताना चपला घालत बराच वेळ दारात घुटमळली. बायकोनं वर बघितलं नाही. मागचं दार त्या दिवसापासून बंदच आहे. दही आम्ही आता विकत आणतो.

फोन पुढं दहा-बारा दिवस येत राहिले, मग कमी झाले, मग दुसऱ्या कुणाची तरी पाळी आली असणार. तो दुसरा कोण, हा विचार मला अजून येतो. तोही कुठंतरी खुर्चीत बसून कुणा पोरीला बाई म्हणत असेल. तक्रारीचं पुढं काही कळलं नाही. मालकानं फोटो बघून मला बोलावलं आणि म्हणाला, "काय रं हे? मला सांगायचं न्हाईस व्हय?" मी पहिल्यांदाच हसलो नाही. म्हणालो, "तुमालाच सांगत होतो. दर सात तारखेला." तेव्हापासून माझा पगार दहाच्या आत होतो. काट्यावरच्या बाकीच्या दोघांचा अजून बावीसला.

पण ते नंतरचं. भिशीच्या त्या संध्याकाळी मामांना एसटीत बसवून आम्ही दोघं घरी आलो. ऊन कलतं होतं. तिनं डबा फळीवर ठेवला, चटई झटकली, गुंडाळून कोपऱ्यात उभी केली. आदल्या सकाळपासून ती जे बोलायची राहिली होती ते आता येणार हे मला दिसत होतं. मीच आधी सुरुवात केली. "मामीपुढं तुझी मान खाली गेलती गं त्या मोरपंखी साडीनं. ते डोक्यात बसलं माझ्या."

ती वळली.

"आवं, ती साडी मामीनंच परत मागवली हुती. दुकानात तशी दुसरी मिळाली न्हाई म्हणून. फोन करून म्हणाली, तू नेसत न्हाईस तर वास्तुशांतीला मलाच आण, कुणाला सांगू नगंस. म्हणून ती हसली. मी बी खाली मान घालून हसतच हुते." तिनं पदरानं कपाळ पुसलं. "अठरा बायका मला न इचारता पैसं देत हुत्या. आता सोळा. आन तुमाला एक साडी इचारता आली न्हाई."